तिसाच्या अलीकडे

पिस्तूल माझ्याकडे आलं ते जुन्या टॉवेलात गुंडाळून. पुतणीनं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, हलका ठोका पडतोय."

माझा धंदाच हा. नेमबाजांची पिस्तुलं दुरुस्त करायची आणि त्यांची रडगाणी ऐकायची. त्यात हलक्या ठोक्याचं रडगाणं सगळ्यांत जुनं. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते, प्रायमर. चाप ओढला की घोडा पिनेवर आपटतो, पिन टोपीला खड्डा पाडते आणि गोळी सुटते. खड्डा उथळ पडला तर नुसतंच 'टक्'. स्पर्धेसाठी चाप लोण्यासारखा हवा म्हणून लोक स्प्रिंग हलकी करून घेतात आणि मग बोंब मारत माझ्याकडे येतात.

हे पिस्तूल माझ्या दादाचं, म्हणजे हिच्या बाबांचं. स्प्रिंग मीच हलकी करून दिली होती. दादाच्या हातात ते कधी अडलं नाही, शेवटचा दिवस सोडला तर.

त्या दिवसाचं सांगायला हवं. आमच्या खेळात एक नियम आहे. 'टक्' झालं की पिस्तूल लगेच खाली आणायचं नाही, कारण कधीकधी दारू उशिरा पेटते. नळी निशाणाकडे तशीच धरायची आणि मनात तीसपर्यंत मोजायचं. तोवर त्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, हाकही मारायची नाही. त्या दिवशी दादाच्या पिस्तुलातून 'टक्' झालं. दादा थांबला. पंच थांबले. मागे उभी असलेली चिमणी, म्हणजे ही माझी पुतणी, तीही थांबली. तीस कधीच होऊन गेले असतील, पण सगळ्यांना वाटलं, शिस्तीचा माणूस आहे, सावकाश मोजतोय. मग तो खाली पडला. डॉक्टर म्हणाले, हृदय त्याच्या बरंच आधी बंद पडलं होतं.

पंचांनी ते न उडालेलं काडतूस मला तपासायला दिलं. मी ते बटणांच्या एका डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. उघडायचा धीर झाला नाही.

मला रडू आलं नाही. बोटांची टोकं मात्र तेव्हापासून बधिर झाली. सुई टोचली तरी कळत नाही. बायको म्हणते, दाखवा कुणाला तरी. काय दाखवू? काम डोळ्यांनी भागतं.

"रविवारी संघाची निवड आहे," चिमणी म्हणाली. "मी ह्याच पिस्तुलानं खेळणार. नाही चाललं तर खेळ सोडला."

"अगं, दुसरं देतो की. दुकान भरलंय."

"मी मागे उभी होते, काका. हात पुढे केला असता तर पोचला असता. आणि मी नियम पाळत बसले."

मी टॉवेल उलगडला.

पिस्तूल सुटं केलं. पिनेच्या भोकात मळ नव्हता. पिनेचं टोक झिजलेलं नव्हतं. तरी पिन नवीन घातली, हलकी स्प्रिंग काढून मूळची दणदणीत बसवली. नुसत्या टोप्या लावलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन ठोके बघितले. सगळे खड्डे खोल आणि मधोमध.

दुपारी मैदानावरच्या नेमबाजीच्या शेडमध्ये गेलो. तिथं आम्ही दोघंच होतो. आधी मी गोळ्या झाडल्या, एकही अडली नाही. मग तिच्या हातात दिलं.

टक्.

तिनं नियमाप्रमाणे थांबून काडतूस काढलं. टोपीवर नखाचा ओरखडा असावा इतकाच खड्डा. तेच काडतूस मी पुन्हा भरलं आणि झाडलं. धाडकन उडालं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

"अंगण माझ्या बाबांचं आहे," ती म्हणाली. हसली नाही.

पुन्हा तिच्या हातात, पुन्हा टक्. ह्या वेळी मी तिच्याकडे बघत होतो. मनात तीस मोजून झाले. ती तशीच उभी. डाव्या हाताचा अंगठा खिशात अडकवलेला. ही दादाची सवय. चिमणीचा डावा हात नेहमी कमरेवर असतो, मीच शिकवलंय तिला. खिडकीतलं ऊन आधी तिच्या बुटावर होतं. तिनं हात खाली आणला तेव्हा ते भिंतीला लागलं होतं.

"किती मोजलेस गं?"

"तीसच. का?"

दमली असेल, असं स्वतःला समजावलं. घरी आणून पिस्तूल परत उघडलं, परत सगळं ठीक. चांगल्या पिस्तुलात खोट शोधत बसायचं म्हणजे डोक्याला ताप.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत मैदान.

टक्.

ती थांबली. अंगठा खिशात गेला. ओठ हलायला लागले, आवाज नव्हता. ऊन बुटावरून सरकलं. मी तिच्या छातीकडे बघितलं. श्वास दिसेना.

मला पुढे जायचं होतं. पाय उचलेनात. उभा जन्म नियम पाळण्यात गेला होता. हात लावायचा नाही. हाक मारायची नाही.

ऊन भिंतीला लागलं.

अशीच ही उभी होती, तिच्या बाबांच्या मागे.

मी गेलो. तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता की गार, माझ्या बोटांना काय कळणार!

मान न वळवता ती म्हणाली, "थांबा ना, काका. अजून मोजतायत."

"कोण?"

"एकोणतीस झाले की बाबा परत एकपासून सुरू करतात."

मी बाजूला सरकून तिच्या तोंडाकडे बघितलं.

ओठ हलत होते. मी ते वाचायला लागलो. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

"तीस!" मी ओरडलो. "तीस झाले, दादा. ठेव आता खाली."

चिमणीनं पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला. पिस्तूल खाली ठेवलं आणि मटकन बसली. खूप रडली. मी नुसता शेजारी बसून राहिलो.

नंतर तिनं काडतुसांची अख्खी पेटी झाडली. एकही अडलं नाही. रविवारी तिची निवड झाली. आता ती त्याच पिस्तुलानं खेळते, आणि डावा हात कमरेवर असतो.

तिनं पेटी झाडली त्याच दुपारी दुकानात परतल्यावर मी कपाटातली डबी काढली. म्हटलं, उगाच जपलं हे, टाकून देऊ. झाकण घट्ट होतं. डबीला ओरखडासुद्धा नव्हता. आत रिकामी पुंगळी होती. टोपीवर खोल खड्डा, अगदी मधोमध. गोळी डबीत नव्हती आणि दुकानातही कुठं सापडली नाही.

पुंगळी मी बोटांत धरली आणि चटकन सोडली. गरम होती. मला कळलं.

त्याला आता बरेच महिने झाले. बायकोचा हात हातात घेतला तरी मला काही जाणवत नाही. रोज दुकान उघडलं की मी आधी ती डबी उघडतो आणि पुंगळीला बोट लावतो.

अजून गार झालेली नाही.