कर्स्टनच्या ओढ्याचं जुनं वळण

हे खरोखर घडलंय. लॅव्हॉन अजून त्याच घरात राहते.

जागा अमेरिकेतल्या आयोवातली, रोडे कुटुंबाचं शेत. ऑक्टोबरातली संध्याकाळ, सूर्य मावळतानाची. त्या वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नव्हता.

शेतालगतच्या ओढ्याला कर्स्टनचा ओढा म्हणतात. रोडेंचा गडी कर्स्टन त्यात बुडून मेला. शेताचा आताचा मालक डेलमार, त्याच्या पणजोबांनी गड्याच्या आठवणीसाठी ओढ्याला त्याचं नाव दिलं. घरात हे अभिमानानं सांगत.

डेलमारची बायको लॅव्हॉन ऐकून घ्यायची. पण एक गोष्ट तिला खटकायची.

गडी बुडाला आणि लगेच पणजोबांनी ओढा सरळ करून घेतला. जुनं वळण मातीनं बुजवलं. आठवणीसाठी नाव ठेवायचं, आणि माणूस बुडाला ती जागाच बुजवायची?

त्या वळणावर एरवी पाणी साचायचं, मका कधी धड आला नाही.

आणि बंक, त्यांचा कुत्रा... तिथून आला की पायरीवर थांबून अंग झटकायचा. ओला असल्यासारखा.

अंग मात्र कोरडं असायचं.

शेवटी डेलमारनं ठरवलं, तिथे जमिनीखालून निचऱ्याचे नळ घालायचे. जुने नळ कुठे आहेत ते बघायला त्या संध्याकाळी नळ घालणारा वेंडेल लोखंडी सळई घेऊन आला.

"लॅव्हॉन, एवढ्याशा तुकड्यासाठी खोदाखोद कशाला? नवऱ्याला सांग, बदकं पाळ."

"बदकं तरी माझं ऐकतील."

"झाली टर उडवून?" डेलमार म्हणाला. "सळई घाल."

वेंडेलनं सळई दाबली. आत... टक्.

"नळ दिसतोय." त्यानं हात काढला.

टक्.

सळईला कुणाचाच हात नव्हता.

रातकिडे केव्हा गप्प झाले, कळलंच नाही. पायाखालून... पाणी वाहताना ऐकू येत होतं.

वेंडेलनं सळई तशीच सोडली. "उद्या बघू," म्हणाला आणि भराभरा गाडीकडे निघाला. तो पुन्हा आला नाही.

"डेल, खाली काय आहे?"

"माती."

"खरं सांग."

"पणजोबांना यात ओढू नकोस."

 पणजोबांचं नाव लॅव्हॉननं काढलंच नव्हतं.

डेलमारनं फावडं उचललं. ती रागानं घरात गेली आणि तिनं चुलीवर बटाटे ठेवले. खिडकीतून तो खणताना दिसत होता.

पुन्हा पाहिलं...

कुणीच नव्हतं.

ती धावली. डेलमार खड्ड्यात पालथा पडला होता. माती भुगा होईल इतकी कोरडी. तिनं त्याला ओढून वर काढलं. तो खोकला, आणि तोंडातून गढूळ पाणी आलं.

ओंजळी भरभरून आलं.

"काय होतं तिथे?"

"बुजव." त्याचे दात वाजत होते. "लॅव्हॉन, मी पाया पडतो, बुजव."

वाकून पाहिलं असतं, तर सगळं कळलं असतं. इतक्या वर्षांचा संशय फिटला असता.

ती वाकली नाही. नजर दुसरीकडे वळवून माती लोटत राहिली.

आता बंक तिकडे जात नाही. डेलमार शेतातून आला की पायरीवर बसतो, बूट काढतो, उलटे करून झटकतो. काहीच पडत नाही. लॅव्हॉन विचारत नाही.

परवा ती वळणाच्या कडेनं घरी आली. का कोण जाणे, पायरीवर बसली. बूट काढले. उलटे केले.

पायरी ओली झाली.