एकदा भरा, वर्षभर विसरा!

"सहल रद्द!" आरतीनं अंगणातूनच जाहीर केलं.

"रद्द? आणि मी सकाळपासून पोहायची चड्डी घालून बसलोय त्याचं काय?" गौरांग ओरडला.

बिचाऱ्याचं ओरडणं रास्त होतं. मे महिन्याच्या उन्हात अमरावतीहून अकोट, अकोटहून हिवरखेड अशा दोन एसट्या बदलून तो आणि त्याची ताई श्रावणी आले होते, ते आरतीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वान नदीवर जायला. आरती ही श्रावणीची मैत्रीण. अमरावतीला वसतिगृहात राहून तिच्याच वर्गात शिकायची. दोघींची आठवी नुकतीच संपली होती, आणि पाचवीतला गौरांग बोलावणं नसताना शेपटासारखा मागे आला होता.

"इंजिन गेलं," आरती म्हणाली. "काल नांगरता नांगरता ठकठक आवाज आला अन् बंदच पडलं. बाबा बंडूमामाले लय बोलले. आमच्या दारात पाय ठेवू नको म्हणे!"

बंडूमामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता. एसटी स्टँडजवळ टिनाच्या शेडखाली ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि पोरांना जुन्या बेअरिंगमधल्या गोळ्या खेळायला द्यायचा, म्हणून अख्ख्या गावाचा मामा.

"पण त्याची चूक काय?" श्रावणीनं विचारलं. वकिलाची मुलगी! तिला कारण लागायचंच.

"अकोल्याचे कुंदनशेठ हायेत न, तेलवाले. बाबानं त्यांना फोन केला. ते म्हणाले, आमचं 'अखंडधार' तेल वर्षभर टिकते. आता सातवा महिना चालू हाये. तेल खराब होऊच शकत नाही, म्हणजे मेकॅनिकनंच घोळ केला."

तिघं तडक शेडवर गेले. बंडूमामा पाने-पकडी एकेक करून पेटीत भरत होता. एरवी इथं चार ट्रॅक्टर रांगेत असायचे. आज एकही नव्हता.

"कुठं चालले, मामा?"

"पुण्याले. एखाद्या कारखान्यात लागतो." तो वर न पाहताच म्हणाला. "तुहे बाबा सूर्यभानभाऊ बोलले, का गाव बोलते. सकाळपासून दोघं जण आपला ट्रॅक्टर अर्धवट सोडून घेऊन गेले."

"तुम्ही खरंच काही चुकीचं केलं होतं?" गौरांगनं विचारलं. श्रावणीनं त्याला चिमटा काढला.

पण मामा रागावला नाही. "विचारू दे त्याले. तेवढं तरी कोण विचारून राहिलं? बाप्पा, फेब्रुवारीतच म्या भाऊले सांगतलं, तेल काळं पडलं, गुळाच्या पाकावानी झालं, बदलून टाका. ते म्हणाले, डब्यावर वर्षभर लिवलं हाये, दसऱ्याले बदलू."

हा त्या घरचा रिवाजच होता. दसऱ्याला ट्रॅक्टर धुवायचा, हार घालायचा, हळद-कुंकू लावायचं आणि नवं तेल भरायचं. पुढचं तेल पुढच्या दसऱ्याला. त्यात 'एकदा भरा, वर्षभर विसरा!' असं डब्यावर मिरवणारं तेल बाजारात आलं, तेव्हा आरतीच्या बाबांना ते आपल्यासाठीच काढलंय असं वाटलं होतं.

"इंजिनाले दसरा-दिवाळी समजत नाही, बाप्पा," बंडूमामानं पेटीचं झाकण लावलं. "त्याले तास समजते. किती तास चाललं, बस!"

तिघं परत निघाले. मोठ्या माणसांच्या भांडणात आपल्याला कोण विचारणार, हा प्रश्न तिघांच्याही मनात होता.

घरी आरतीच्या आईनं, पार्वताबाईंनी, गौरांगच्या हाती पाण्याची बादली दिली. "रिकामा बसू नको. सदाफुलीले पाणी घाल." त्यांच्या कुंड्या म्हणजे तेलाचे रिकामे डबे, वरून कापलेले. प्रत्येक डब्यावर मागच्या बाजूला कुंदनशेठच्या दुकानाचा पिवळाधमक स्टिकर होता: 'पूर्ण हमी! नो टेन्शन!'

"ताई! इकडे ये! लवकर!"

रोजच्या पाण्यानं एका डब्यावरचा स्टिकर अर्धा सुटला होता. त्याच्याखाली मुंगीएवढी अक्षरं होती! श्रावणी मातीत गुडघे टेकून वाचू लागली. "'एक वर्ष किंवा पाचशे तास, यांपैकी जे आधी होईल ते. धुळीत किंवा मळणीयंत्रावर वापर असल्यास अडीचशे तास. अन्यथा हमी लागू नाही.'"

"म्हणजे डबा खोटं बोलत नाही," गौरांग म्हणाला. "पण खरं हळूच बोलतो!"

"आमचे बाबा म्हणतात, मोठी अक्षरं माल विकतात आणि बारीक अक्षरं कोर्टात येतात." श्रावणी उठली. "आता एकच प्रश्न. दसऱ्यापासून ट्रॅक्टर किती तास चालला?"

आज मीटरवर २७६२ तास होते, हे आरतीनं लगेच पाहून सांगितलं. पण दसऱ्याला किती होते? वही कुणी ठेवली नव्हती. आरती एकदम आत पळाली आणि आईचा मोबाइल घेऊन आली. दसऱ्याच्या पूजेचे फोटो! एका फोटोत आईनं मीटरच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं होतं आणि त्याच्या खाली आकडा स्वच्छ दिसत होता: २१४०.

"सहाशे बावीस तास!" श्रावणीनं वजाबाकी केली. "आणि हरभऱ्याची मळणीही झालीच असेल. बंडूमामा सुटले!"

आरती मात्र हसली नाही. "मामा सुटले. पण मग चूक बाबाची ठरते न."



दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदनशेठ जीपमधून आले. मागे नव्या डब्यांची रास होती. बाजेवर बसून त्यांनी एक कागद पुढे केला.

"सूर्यभानजी, इथं सही करा. मेकॅनिकच्या चुकीनं इंजिन बसलं, एवढंच लिहिलंय. इंजिनाचे सगळे सुटे भाग मी माझ्याकडून देतो. फक्त आमच्या तेलाचं नाव खराब व्हायला नको!"

आरतीच्या बाबांनी पेन घेतलं. गप्प बसलं तर ट्रॅक्टर फुकटात दुरुस्त होणार होता. पेरणी महिन्यावर आली होती. बोललं तर? आणि नाही बोललं, तर मामा पुण्याला!

तेवढ्यात गौरांगनं साळसूदपणे विचारलं, "शेठजी, वर्षभर म्हणजे किती तास हो?"

"तास कसले मोजतोस? दिवसरात्र चालव! वर्षभर म्हणजे वर्षभर!" शेठ खो खो हसले.

"मग हे काय?" श्रावणीनं जीपमधला एक नवा डबा बाजेवर ठेवला, ओलं फडकं फिरवलं आणि स्टिकरचं टोक धरून ओढलं. बारीक अक्षरं सगळ्यांसमोर उघडी पडली. शेठचं हसू जागच्या जागी थांबलं.

"ते... ती जागा मोकळी दिसली, म्हणून दुकानातली पोरं तिथं चिकटवतात. मी काही वाचलं नव्हतं."

"विकणाऱ्यानं वाचलं नाही, घेणाऱ्याला दिसलं नाही!" श्रावणी म्हणाली.

सूर्यभान आरतीकडे वळले. "आपला ट्रॅक्टर किती तास चालला, पोरी?"

आता खोटं बोलायला जागा होती. पण आरतीनं मोबाइल पुढे केला. "सहाशे बावीस, बाबा. मामानं फेब्रुवारीत सांगतलं होतं. आपण ऐकलं नाही."

"पाहा! पाहा!" शेठ उसळले. "तुमचीच चूक! आता सुटे भाग विसरा!"

सूर्यभाननी कुंकवाच्या फोटोतला आकडा वाचला. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि शेठच्या हातात ठेवली. "सही होत नाही, शेठ. चूक माही हाये. ज्यानं खरं सांगतलं, त्यालेच म्या हाकललं."

पायात वहाणा अडकवून ते निघाले, मागे तिघं पोरं. शेडवर बंडूमामा पेटी उचलून एसटीची वाट पाहत होता. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती. त्या सगळ्यांसमोर सूर्यभान मोठ्यानं म्हणाले, "बंडू, म्या गावासमोर बोललो, गावासमोरच माफी मागतो. पेटी खाली ठेव."

मामानं पेटी खाली ठेवली आणि डोळे पुसले. तेलकट हातानं पुसल्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला, पण हसलं कोणी नाही.

मागोमाग जीप आली होती, आणि ती माफी शेठनीही ऐकली होती. ते उतरले, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "निम्मी चूक माझीही. अटी मीच झाकल्या. निम्मे सुटे भाग मी पाठवतो. काम मात्र बंडूनंच करायचं."

"आणि स्टिकर?" गौरांगनं फडकं पुढे केलं. चाळीस डब्यांवरचे स्टिकर शेठनी तिथंच बसून काढले, आणि गौरांगनं एकही राहू दिला नाही!

आठ दिवसांनी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. ट्रॉलीत दोन दिवसांपूर्वीच येऊन बसल्यासारखा गौरांग तयार होता. "नदी! नदी! नदी!"

"थांब रे बाप्पा," बंडूमामा म्हणाला. त्यानं तेलाची कांडी पुसून पुन्हा बुडवली आणि पातळी तपासली. "या पोट्ट्यांनी माही शेड वाचवली, भाऊ. मोठ्यांनी डबा पाहिला, यांनी डब्यावरचं वाचलं."

सूर्यभाननी पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश आणला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मामानं 'पुढचं तेल' एवढं लिहून पुढे जागा मोकळी ठेवली होती. "पूजा दसऱ्यालेच. तेल तासावर," ते म्हणाले. "मीटरवरच्या २७६२ मधी अडीचशे मिळव अन् आकडा लिही, आरती."

"मी? मामाचं अक्षर चांगलं हाये, बाबा."

"अक्षराचं काय घेऊन बसली? घरचं नुकसान होत असतानाही आकडा लपवला नाही, ते तूच होय न? मंग तूच लिही."

आरतीनं ब्रश बुडवला आणि लांबून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं: ३०१२.