एक्केचाळीस नंबरचे सहा काप

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी त्या खोलीत होते, एवढंच सांगते. गेल्या जुलैतला गुरुवार. दुपारचे तीन. बंगळुरूतली आमची लॅब.

मी अमृता. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. त्यांना आणखी कोणती प्रथिनं चिकटतात, ते मी शोधते. दान केलेल्या मेंदूंचे पातळ काप आमच्याकडे येतात. वर फक्त नंबर. नाव आम्हाला कळू देत नाहीत. लेझरनं एकेक गुठळी कापायची, ती नळीच्या झाकणात पडते. काप वापरला की संपला.

माझ्या बाबांचाही मेंदू आम्ही दान केला होता. उमाकांत, सरकारी कारखान्यातले इंजिनिअर. शेवटची पाच वर्षं ते आम्हाला ओळखत नव्हते. मला तर रागच यायचा त्यांचा. आईला नाही. ती रोज सकाळी वेणीफणी करून त्यांच्यासमोर बसायची. आज तरी 'कल्पना' म्हणून हाक मारतील...

नाहीच मारली.

त्या गुरुवारी एक्केचाळीस नंबरचे सहा काप आले होते.

पहिली गुठळी पडली, आणि मागे कुणीतरी खाकरलं...

वळून पाहिलं. कुणीच नाही.

तिसऱ्या कापाला एसीचा आवाज गेला. वारा येत होता. आवाज नव्हता.

मग अगदी कानाशी...

"अमू, माझा चष्मा कुठंय गं?"

मी रडायलाच लागले. दारातून नागराज, आमचा टेक्निशियन, डोकावला. "मॅडम, स्वल्प चाय?" त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पाचव्या कापापर्यंत बाबा बोलत होते. काकांचं नाव. जुन्या स्कूटरचा नंबर. सगळं आठवत होतं त्यांना.

आईचं नाव मात्र नाही.

एकच काप उरला. त्या खोलीत फोन न्यायला मनाई आहे. तरी आणला. सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर आईला लावला.

"आई, काही विचारू नकोस. फोन कानाला धरून ठेव."

लेझर चालू केला.

मला काहीच ऐकू आलं नाही.

पण पलीकडून आईचा हुंदका आला.

"अहो... आले, आले!"

इतक्या आनंदात तिला मी कधी ऐकलं नव्हतं. फोन बंद झाला.

मी तशीच ऑटोनं घरी गेले. आईनं दार उघडलं. चेहरा कसा शांत. माझ्याकडे बघून गोड हसली.

"या ना. हे आतच आहेत. आपण कोण?"

डॉक्टर म्हणतात, हा आजार एका दुपारीत होत नाही. ते मलाही माहीत आहे. रोजचं कामच आहे ते माझं.

पण त्याच सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली होती, "अमू, छत्री घे गं."