तुडवणीचा हौद

विश्वास ठेवा, नका ठेवू. अर्पिता माझी मावसबहीण आहे आणि हे तिच्या बाबतीत घडलंय. २००६ च्या मार्चमध्ये, मारेगावजवळ. भरदुपारी.

वाद्यं

तिचा संगीतकार मित्र नयन, त्यानं एक कँटाटा रचला होता. म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासोबत गायलेली लांब कहाणी. कहाणी दिवंगत लेखिका धनीबाईंच्या आयुष्याची. गाणारी एकटी अर्पिता. सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात उंच पट्टी.

वाद्यांचं रेकॉर्डिंग झालं होतं. आवाज मात्र नयनला धनीबाईंच्या जुन्या जिनिंगमध्येच, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातच घ्यायचा होता. लहानपणी त्या तिथल्या हौदात उतरून गाठींसाठी कापूस तुडवायच्या. कापसाचं सगळंच बिघडलं, तेव्हापासून जिनिंग बंद.

चौकीदार उकंडाची बायको नलूबाई तिथलीच जुनी मजूर. तालमीत शेवटची ओळ, 'आली वं मी', ऐकून ती म्हणाली, "सारं म्हना बाई, तेवढं नोका म्हनू."

"काहून?" नयननं नक्कल केली.

"हौदातली थकली का खालून इचारे, 'कोन येते वं?' वरची म्हने, 'आली वं मी.' मंगच खालची निंघे. जिनं म्हनलं, तिले उतरा लागे."

"आता कापूसच नाही, मावशी. तुडवणार काय?"

नलूबाई काठापासून मागं सरकली.

आवाज

अर्पिता काठावर उभी राहिली. कानात वाद्यं. शेवटचा सूर तिनं उंच सोडला...

"आली वं मी..."

हौदात उतरायची शिडी करकरली.

एक पायरी... मग वरची... मग त्याच्याही वरची.

शिडीवर कोणीच नव्हतं.

सरकीचा वास तिच्या गालाला घासून गेला... आणि तिचे पाय शिडी उतरू लागले.

ती स्वतः त्यांना उतरवत नव्हती.

रिकाम्या हौदात पाय तुडवू लागले. धप्... धप्... पायरीवर ठेवलेला पाय आपोआप खाली यायचा.

"नयन, वर घे मला!"

नयन आणि उकंडानं काठावरून ओढलं. ती हलेना.

"मावशी, तुम्ही म्हणा ना!" नयन नलूबाईला म्हणाला.

नलूबाईनं तोंडावर पदर दाबला. "लई वर्सं तुडवलं, बापू. मले पुन्हा नोका धाडू."

नयन स्वतःच ओरडला, "आली वं मी!"

काही नाही. त्या हौदात पुरुष कधी उतरलेच नव्हते.

ऊन उतरलं. तिचे तळवे सोलले. शेवटी नयनला सुचलं. त्यानं आत्ताचंच रेकॉर्डिंग मोठ्यानं लावलं. काठावरून, अर्पिताचाच आवाज...

"आली वं मी..."

पाय थांबले. ती वर आली.

फक्त वाद्यं

नागपूरच्या कार्यक्रमात तिनं तोंड उघडलं... काहीच आलं नाही. बोलता येतं तिला. गाता येत नाही. रेकॉर्डिंगमध्येही तिच्या जागी नुसती शांतता.

यंदा जिनिंगची जागा विकली गेली. अर्पिताला उकंडाचा फोन आला.

"हौद बुजवून राह्यले, बाई. पन मजूर मुरूम टाकाले तयार नाहीत. खालून कोनी गाऊन इचारते म्हनतात... कोन येते वं..."

फोनमध्ये मागून तोच उंच सूर येत होता; तिच्या जागी हौदात अडकलेला आपला आवाज अर्पितानं ओळखला. त्याला सोडवायचं तर काठावरून कोणा बाईनंच उत्तर द्यायला हवं.

काल तिनं मला विचारलं, "ताई, येशील?"