मंगळावरचे रात्रीचे अकरा

"टिपणीस सर, तळावरच्या अकराजणांपैकी सातजणांना धड झोप लागत नाहीये," डॉ. पद्मजा मगदूम म्हणाली, "आणि त्याला कारण मुकुंद हळबे आहेत."

'तांबडा माळ' या मंगळावरच्या संशोधन तळाचे प्रमुख भास्कर टिपणीस मातीचा नमुना भिंगाखाली धरून बसले होते. त्यांनी मान वर केली. "मुकुंद हळबे? ते 'अजून जागे आहात?'वाले? ते इथून कोट्यवधी किलोमीटर लांब बसलेत. त्यांनी काय केलं?"

"त्यांनी काही नाही केलं. आपण केलंय."

तळावर येऊन त्यांना दोन महिने झाले होते. येताना मंडळींनी हट्टाने एक गोष्ट मागून घेतली होती. पृथ्वीवर रोज रात्री अकरा वाजता लागणारा हळबेंचा गप्पांचा कार्यक्रम, तासभराचा, अख्खा, मंगळावर यायला हवा. पृथ्वीवर तो लागला की काही मिनिटांत लहरी इथे पोचत आणि भोजनगृहातल्या पडद्यावर हळबे प्रकट होत. घरची माणसं आत्ता हेच बघत असतील, या कल्पनेने सगळ्यांना बरं वाटे.

"पण मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा आहे," पद्मजा म्हणाली. "म्हणजे पृथ्वीवरचे अकरा इथे रोज चाळीस मिनिटं आधी वाजतात. पहिल्या आठवड्यात कार्यक्रम रात्री लागायचा, मग संध्याकाळी, मग दुपारच्या जेवणाला. परवा पहाटे लागला. आणि मंडळी उठून बघतात! सर, माणसाच्या देहघड्याळाला मंगळाच्या दिवसाएवढं ताणता येतं, पण त्यासाठी उजेड, जेवण, गप्पा, झोप रोज ठरल्या वेळीच व्हायला हवं. इथे उजेड म्हणतो आता दुपार आहे आणि हळबे म्हणतात आता झोपा. शरीराने ऐकायचं कुणाचं? काल खणनयंत्र चालवताना जोशुआला डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला."

टिपणीसांनी भिंग बाजूला ठेवलं. "मग काय, कार्यक्रम बंद करू?"

"बंद केलात तर मला तळाबाहेर काढतील. बंद नको, वेळेवर लावा."

संपर्क अभियंता तेजल नाखवे हिला बोलावण्यात आलं. तिने त्याच दिवशी उपाय केला. येणारा भाग लगेच पडद्यावर न जाता आधी 'रांगसाठ्या'त जाईल, आणि तळाच्या घड्याळात रात्रीचे अकरा झाले की जो भाग सर्वांत आधी आलाय तो आपोआप लागेल. तळाची घड्याळं तर मुळातच ताणलेली होती. मंगळाच्या दिवसाची वाढीव मिनिटं प्रत्येक सेकंदात थोडी थोडी वाटून टाकलेली, त्यामुळे तिथेही दिवस चोवीस तासांचाच दिसे. एकदा व्यवस्था लागल्यावर तेजलला तिच्याकडे बघायची गरज उरली नाही. आठवडाभरात मंडळी शांत झोपू लागली.

पद्मजा स्वतः मात्र कार्यक्रम बघत नसे. तिच्या पिढीतलं कुणीच बघत नव्हतं. पुण्यात शिकताना तिने हळबेंना पाहिलं ते फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चुटक्यांत. सकाळी दात घासताना, रिक्षाची वाट बघताना. चुटक्यात हळबे एक वाक्य बोलत, लोक हसत, संपलं. अख्खा कार्यक्रम म्हणजे म्हाताऱ्यांची अंगाई, असं ती म्हणे, आणि हे ती जयसिंगपूरच्या घरी अण्णांच्या तोंडावरही म्हणाली होती. तिचे वडील, अण्णा, गावातले चष्म्यांचे जुने दुकानदार. दिवस मावळायच्या आत जेवण, मग फेरी, मग थोडं वाचन, आणि अकराला टीव्हीसमोरची खुर्ची. आई गेल्यानंतर तर त्यांनी एक रात्र चुकवली नव्हती.

"तुला चुटका दिसतो, पद्मा," ते म्हणाले होते. "तो माणूस वीस मिनिटं त्याची तयारी करत असतो, ते दिसत नाही."

तिने तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

तळावर दोन वर्षं होत आली तेव्हा एकदा औषधांची पेटी ठेवायला ती भोजनगृहात गेली. पडद्यावर हळबे एका कबड्डीच्या पंचांशी बोलत होते. पंच बुजरे होते, उत्तरं हो-नाहीत देत होते. हळबे घाई करत नव्हते. ते नुसते थांबत. मधेच पाणी पीत. मग त्या पंचांनी हळूच सांगितलं की आयुष्यात एकदाच त्यांनी चुकीचा निर्णय दिला, आणि ज्याच्याविरुद्ध दिला तो आता त्यांचा व्याही आहे, आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर तो विषय निघतो. भोजनगृह हसून कोसळलं. पद्मजा पेटी हातात घेऊन उभीच होती. मग ती बसली. तास कसा गेला ते तिला कळलं नाही. अण्णा काय म्हणत होते ते तिला इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून समजलं.

सकाळी तिने अण्णांना निरोप पाठवला. मंगळाशी समोरासमोर बोलता येत नाही, आवाज पोचायलाच कधी पाच तर कधी वीस मिनिटं लागतात. त्यामुळे निरोप बोलून पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची.

"अण्णा, तुम्ही जिंकलात! काल रात्री मी अख्खा कार्यक्रम पाहिला. ते कबड्डीचे पंच! पोट दुखेपर्यंत हसले. आता रोज बघणार, आणि सकाळी आपण दोघं त्यावर बोलायचं."

उत्तर आलं. अण्णांचा आवाज आनंदाने भरून आला होता. "वा, वा! बघ, सांगत नव्हतो? पंच झकासच होते. पण ते येऊन बरेच दिवस झाले की गं. काल बासरीवाल्या बाई होत्या. जत्रेत बासऱ्या विकतात आणि स्वतःला एकही सूर येत नाही म्हणतात. हळबेंनी त्यांना शिकवायला घेतलं, तर त्यांनाही येईना!"

पद्मजाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. काल बासरीवाली कुणी नव्हती. तळावरच्या अकराजणांनी काल पंचच पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, काल कोण होतं?" तळावर काल एक निवृत्त दीपगृहरक्षक आले होते. अण्णा म्हणाले, दोन जुळ्या बहिणी, दोघी सर्कशीतल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. ती दीपगृहरक्षकाचं नाव काढी, तर ते म्हणत, "हो हो, मागं आले होते ते. चांगला माणूस."

कालची गोष्ट फार पूर्वीची वाटणं आणि न घडलेली गोष्ट कालची म्हणून सांगणं. वैद्यकात याला कालभ्रम म्हणतात. स्मृती विरू लागल्याचं ते एक नेहमीचं लक्षण. पद्मजाने कितीतरी रुग्णांच्या मुलामुलींना हे समजावून सांगितलं होतं. त्या रात्री तिला स्वतःला कुणी समजावणारं नव्हतं.

तिने थोरल्या भावाला, सन्मतीला कळवलं. सन्मतीचं उत्तर गोंधळलेलं होतं. "पद्मा, घरात तर ते ठीक वाटतात. पण खरं सांगू का, त्या कार्यक्रमाचं मला काय कळणार? हल्ली कोण तासभर बसून बघतंय? मी चुटके बघतो, पोरं तेही बघत नाहीत. चुटक्यांत कुठली बासरीवाली दिसली नाही बाबा. आणि तिथं तुम्ही अकराजणांनी पाहिलंय म्हणजे तुझंच बरोबर. मिरजेला मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतो. तोवर स्कूटरची किल्ली काढून ठेवतो."

किल्ली काढून ठेवली गेली. अण्णांना मिरजेला नेण्यात आलं. तपासण्यांत ठळक असं काही निघालं नाही, पण पद्मजाला ठाऊक होतं की सुरुवातीला ते निघतही नाही. लक्ष ठेवा, असं तिनेच कळवलं. मग अण्णांचा एक निरोप आला. तो फार लहान होता.

"पद्मा, मी आता कार्यक्रम बघायचा बंद केलाय. सन्मती म्हणतो, मी नसलेली माणसं बघतो. बासरीवाली बाई मला अजून डोळ्यांपुढं दिसते गं, तिचा निळा पदर दिसतो. ती नव्हतीच, तर मग उद्या मला अजून काय काय दिसेल? त्यापेक्षा लवकर झोपलेलं बरं. तू काळजी करू नकोस."

पद्मजाने तो निरोप पुन्हा ऐकला नाही. तिला तो ऐकवेना. ती मात्र रोज अकराला भोजनगृहात जाऊन बसू लागली. अण्णा बघत नव्हते, तर निदान त्यांच्या वाटणीचं आपण बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

असे काही दिवस गेले. एका रात्री हळबेंनी नेहमीसारखे हात पसरले आणि म्हणाले, "आजच्या पाहुण्या आयुष्यभर बासऱ्या विकतात, आणि त्यांना एकही सूर येत नाही."

निळ्या पदराची एक ठेंगणी बाई हसत आत आली.

पद्मजा ताडकन उठून उभी राहिली. तिची खुर्ची मागे पडली. "थांबवा! तेजल, थांबव ते!"

सगळे दचकले. तेजलने पडदा गोठवला. "काय झालं, डॉक्टर?"

"हा भाग जुना आहे का? पुन्हा लावलाय का?"

"छे. साठ्यात आला तसा लागला. पहिल्यांदाच."

"मग माझ्या वडिलांनी ही बाई मला जवळजवळ तीन आठवड्यांपूर्वी कशी सांगितली? पदरासकट?"

टिपणीस गोठलेल्या बाईकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तेजल, साठ्यात आत्ता किती भाग शिल्लक आहेत?"

तेजलने पाहिलं. "एकोणीस. पण साठा कायम भरलेला असतो, सर. मला वाटलं, धुळीच्या वादळात संपर्क तुटला तर उपयोगी पडेल म्हणून..."

"सुरुवातीला किती होते?"

"सुरुवातीला... एकही नव्हता."

टिपणीस सावकाश खाली बसले. "आपण सगळे शिकलेसवरलेले गाढव आहोत," ते म्हणाले. "पृथ्वीवर रोज रात्री एक भाग तयार होतो. आपण रोज रात्री एक भाग बघतो. बरोबर? पण आपली रात्र चाळीस मिनिटं उशिरा येते. अशी रोजची चाळीस मिनिटं साठत साठत सव्वा महिन्यात त्यांची एक पूर्ण रात्र जास्त होते. त्यांच्याकडे सदतीस रात्री होतात तेव्हा आपल्याकडे छत्तीस. तो एक भाग आपल्या साठ्यात पडून राहतो. दोन वर्षं झाली, एकोणीस पडले. घड्याळं ताणलेली, त्यामुळे आपल्याला पत्ताच नाही. आपण 'काल' म्हणतो ते घरच्यांच्या दृष्टीने तीन आठवड्यांपूर्वीचं असतं."

"आणि हे इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं नाही आलं?" तेजल म्हणाली. "आपण सगळे घरी बोलतो की."

"घरी कार्यक्रम बघतंय कोण?" पद्मजा म्हणाली. "अकराजणांच्या घरी मिळून एकच माणूस तो अख्खा बघत होता. आणि मी त्याला आजारी ठरवलं. वेळेवर लावा म्हणणारीही मीच."

त्या रात्री तिने दोन निरोप पाठवले. सन्मतीला पाठवलेल्या निरोपात पहिलंच वाक्य होतं, "दादा, स्कूटरची किल्ली आत्ताच्या आत्ता परत दे." अण्णांचा निरोप मोठा होता, आणि तो बोलताना ती दोनदा रडली. सगळं समजावून झाल्यावर शेवटी ती म्हणाली, "तुमचं काहीही चुकलेलं नाही, अण्णा. चुकले ती मी. मी रोज दोन-दोन भाग बघते आणि तुम्हाला गाठते. मग आपण पुन्हा बरोबर."

उत्तराला वेळ लागला. इतका, की लहरींना लागतो त्याच्या कितीतरी पट. पद्मजा दवाखान्यात बसून राहिली. मग अण्णांचा आवाज आला. आधी घसा खाकरण्याचा, मग हसण्याचा.

"म्हणजे निळा पदर होता म्हणायचं! बरं झालं बाई. इतक्या रात्री मी तिच्यावरनं स्वतःशी भांडत होतो. हे बघ, दोन-दोन भाग बघू नकोस. हळबे घाईत बघायचा माणूस नव्हे. मी परत मागं येतो. टीव्हीत सगळे भाग राहतात म्हणे, सन्मतीच्या धाकट्यानं दाखवलं आत्ताच. नवे भाग साठू देत. तू जी रात्र बघशील तीच मी बघतो. दुसऱ्यांदा बघायला मला काही वाटत नाही, तुझ्याबरोबर पहिल्यांदाच आहे. फक्त तुझ्या त्या सरांच्या हिशोबानं सव्वा महिन्यातून एकदा मी तुझ्यापुढं जाईन. त्या रात्री मी सुट्टी घेईन. तू ये मागनं सावकाश, मी थांबतो."

दुसऱ्या सकाळपासून बाप-लेकीचं बोलणं सुरू झालं. सन्मती एका रात्री सहज टीव्हीसमोर अण्णांजवळ बसला, कारण ते एकटेच इतकं का हसतात ते त्याला बघायचं होतं. मग तो रोजच बसू लागला. पोरं अधूनमधून येत आणि तयारीच्या वीस मिनिटांतच कंटाळून जात, पण जाताना दार उघडं ठेवत.

सव्वा महिन्याने अण्णांची पहिली सुट्टी आली. त्या दिवसाचा निरोप पद्मजाला काम करतानाच मिळाला.

"आज टीव्ही बंद. काय करावं सुचेना, म्हणून अकराला गच्चीवर गेलो. सन्मती, सूनबाई, पोरं, सगळी मागनं आली. सतरंजी टाकली. तासभर बसलो. सन्मतीनं तुझा मंगळ शोधून दाखवला. मी म्हटलं, मला तो आधीच दिसलाय, तुम्ही सगळे चष्मे पुसून घ्या. पोरांनी हात हलवले. धाकट्यानं विचारलं, आत्या आत्ता काय करत असेल? मी म्हटलं, तिला अजून अकरा वाजायचे आहेत. आपण बसू थोडा वेळ."