मुंग्या न येणारी खोली

ही गोष्ट २०२४ सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी उदगिरात ऊन असं तापलं होतं, की मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल सकाळीच पोती टाकून सावलीला बसत. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे.

"हुमा, फासा टाक! भुयार खचायला लागलंय!" सोमेश ओरडला.

"थांब रे! माझी मशाल विझली ना?"

"मशाल विझली, मागं पाण्याचा आवाज येऊन राहिला, आणि हवा जड झाली. बोल, काय करतीस?"

हुमानं डोळे मिटले आणि फासा टाकला. दोन! सोमेशनं चिंचोक्यांच्या ढिगातून एक चिंचोका तिच्यापुढे सरकवला. "थकवा एक. झाले चार. पाचव्याला तू बेशुद्ध!"

"लई वाईट नियम हाय हा!" हुमा म्हणाली आणि कपाळ चोळत भिंतीला टेकली.

खेळाचं नाव होतं 'अंधारगड'. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण कथेकरी होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठं जायचं, कुणाशी लढायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं. नांदेडच्या आनंदराज नावाच्या तरुणानं हा खेळ काही वर्षांपूर्वी काढला होता. आता त्याची नवी आवृत्ती यायची होती. छापण्याआधी त्यानं नवे नियम कच्चेच सगळ्यांसाठी खुले केले होते. 'खेळा, मोडा, आणि काय मोडलं ते मला कळवा,' असं त्यानं म्हटलं होतं. नांदेडात, लातुरात, पार हिमायतनगरपर्यंत मुलं तो खेळून बघत होती. उदगिरात हे तिघं होते.

तेरा वर्षांचा सोमेश कथेकरी. लातूरहून सुट्टीला आलेली त्याची आत्तेबहीण स्वप्नाली, जिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची. आणि हुमा, जिच्या घरात हा डाव चालायचा.

घर म्हणजे एक दगडी खोली. सोमेशचे अज्जा, म्हणजे आजोबा, सिद्रामप्पा यांचं भुसार मालाचं गोदाम होतं, त्याच्या पाठीला ती लागून होती. मधली भिंत हातभर जाड, म्हणून खोली कशी थंडगार! हुमाचे अब्बा जिलानी टेम्पो घेऊन हैदराबादला गेले होते. घरी अम्मी वहिदा, आणि झोळीत आठ महिन्यांचा मुज्तबा. एरवी हा मुज्तबा फाशाचा आवाज आला की झोळीतून हात बाहेर काढून किंचाळायचा. दोन दिवस झाले, तो नुसता पडून होता. दूधही ओकत होता.

"ऊन लागलंय लेकराला," वहिदाचाची म्हणाल्या. त्यांनी दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं आणि खिडकी आणखी घट्ट लावली. "झळ आत येऊ देऊ नका गं. माझंबी डोकं ठणकायलंय."

"माझंही," स्वप्नाली म्हणाली. "कालही दुखलं. सोमेश, हा थकव्याचा नियमच डोकं खातो! कळव तुझ्या आनंदराजदादाला."

सोमेशनं लगेच फोनवर आवाज भरून पाठवला, "दादा, नव्या नियमानं आमची डोकी दुखायलीत. खरंच!"

संध्याकाळी उत्तर आलं. आधी हसू, मग गंभीर आवाज. "डोकी दुखली तर दोष माझा, कबूल! पण तो नियमाचाच दोष आहे हे कशावरून ठरवलंत? मित्रांनो, खेळ तपासायची एकच रीत असते. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसंच ठेवा, आणि परत खेळा. मग सांगा."

"म्हणजे उद्या जुने नियम," सोमेश म्हणाला. "तीच खोली, तेच भुयार, तेच आपण."

"आणि तेच तुझे पुचाट विनोद," स्वप्नालीनं भर घातली.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या नियमांनी खेळायला बसले. थकवा नाही, चिंचोके नाहीत. सुरुवात छान झाली. पण थोड्याच वेळात हुमाला अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. स्वप्नालीनं तोंडावर हात धरला, दार उघडलं आणि बाहेर जाऊन उलटी केली.

"दार लावा गं! झळ येतीय!" वहिदाचाची पडल्या जागेवरून म्हणाल्या. आज त्या उठल्याच नव्हत्या.

स्वप्नाली परत आली ती उंबऱ्याशीच थबकली. खाली बघत होती.

"हुमा, हा काल सांडलेला गूळ ना?"

"हौ. झाडायचा राहिला."

"कालपासून गूळ पडलाय, आणि एकही मुंगी नाही? आमच्याकडे लातुरात डबा उघडायच्या आत रांग लागते!"

तिघांनी जमीन पाहिली. कोपरे पाहिले. मुंगी नाही, झुरळ नाही, माशी नाही. गोदामाच्या भिंतीखाली एक पाल उताणी पडली होती.

"अजून एक गोष्ट बदलायची राहिली," सोमेश हळूच म्हणाला. "जागा."

समोरच्या लिंबाखाली ओट्यावर ते बसले. पुन्हा नवे नियम, पुन्हा चिंचोके. वारा असा गरम, की तव्यावर बसल्यासारखं वाटत होतं. हुमा दोनदा बेशुद्ध झाली, पण खेळात. डाव संपला.

"डोकं?" सोमेशनं विचारलं.

"उतरलं," स्वप्नाली म्हणाली. "उन्हात बसून उतरलं!"

"माझंबी," हुमा म्हणाली. "मग नियम न्हाई. आन् ऊनबी न्हाई. मग..."

तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. फटीत ओलं फडकं, खिडकी घट्ट, आणि आत अम्मी आणि मुज्तबा.

हुमा धावत सुटली!

आत लसणाचा वास कोंदला होता. तो वास तर दोन-तीन दिवस येतच होता, फोडणीचा वाटायचा. पण आज चूल पेटलीच नव्हती! हुमानं झोळीत हात घातला. मुज्तबाची मान तिच्या दंडावर लुळी पडली. तो रडलासुद्धा नाही.

"अम्मी, उठ! बाहेर चल!"

"अगं, लेकराला उन्हात कुठं नेतीस?" वहिदाचाची धडपडत उठल्या. "आण इकडं! मारतीस का त्याला?"

सोमेश आणि स्वप्नालीनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि ओट्यावर आणलं. त्या मुज्तबाला ओढत होत्या, हुमा सोडत नव्हती. आरडाओरडा ऐकून सिद्रामप्पा आले. मागोमाग त्यांचे मुनीम वीरण्णा.

"काय तमाशा लावलाय?" सिद्रामप्पा गरजले. "भर दुपारी लेकराला झळा खाऊ घालताय? आत न्या त्याला!"

"अज्जा, खोलीतच काहीतरी हाय!" सोमेश म्हणाला. "आम्ही तपासलंय. जुने नियम, नवे नियम..."

"नियम? खेळाचे? सुट्टी लागली की डोसकी फिरतात पोरांची!"

"हौ ना, मालक," वीरण्णा म्हणाले. "खोलीत काय असणार? गोदामापेक्षा गार खोली. जा गं हुमा, आत निजव त्याला."

पण हे म्हणताना ते उलट्या पावलांनी मागं सरकत होते. दारापासून दूर. हुमाला ते दिसलं.

ती रडायची थांबली. "वीरण्णामामा," ती म्हणाली, "मग एक डाव खेळता का? आत बसून. दार लावून."

"मी? मला... मला आडतीवर काम हाय."

"छोटा डाव. आम्हाला एक गडी कमी पडून राहिलाय."

"सांगितलं ना, काम हाय!" वीरण्णांनी गमछ्यानं मान पुसली.

"लेकराला निजवायला चालतं, तुम्हाला बसायला चालत नाही?" स्वप्नालीनं फटकन विचारलं.

"आगाऊपणा पुरे!" सिद्रामप्पांचा पारा चढला. "भुताची खोली हाय का ही? वीरण्णाला काम हाय, मला न्हाई. मीच बसतो! लावा दार!" आणि सोमेश "अज्जा, नको!" म्हणत धोतर ओढत असतानाच ते तरातरा आत गेले, भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी पायानं दार लोटलं.

मग दाराआडून त्यांचा आवाज आला, "हं, सांग कथेकरी! कुठं हाय मी?"

सोमेशनं दाराच्या फटीला तोंड लावलं. "तुम्ही भुयारात आहात, अज्जा. मशाल विझलीय. हवा जड झालीय..."

"मालक!" वीरण्णा किंचाळले. त्यांनी दार लाथेनं उघडलं. "मालक, बाहेर या! तिथं बसू नका! पलीकडं गोळ्या टाकल्यात हरभऱ्यात! किडीच्या गोळ्या! गॅस होतो त्याचा!"

सिद्रामप्पा बाहेर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कधी टाकल्यास?"

"तीन दिवस झाले. भिंतीत जुना झरोका हाय, त्यात पोतं कोंबलं होतं. वाटलं, थोडा वास गेला तर गेला... यांना सांगितलं असतं तर आठवडाभर दुसरीकडं ठेवावं लागलं असतं, मालक."

"मी बसलो तर ओरडलास," सिद्रामप्पा अगदी हळू म्हणाले. "आन् हे लेकरू तीन दिवस बसलंय तिथं."

वीरण्णा खाली बसले. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता. सिद्रामप्पांनी स्वतः मुज्तबाला छातीशी धरलं आणि अनवाणीच गाडीकडे पळाले.

उदगीरच्या दवाखान्यातून त्याला लातूरला हलवलं. वहिदाचाचींनाही तिथंच ठेवून घेतलं, आणि मुलांची छातीही तपासली. मुज्तबाच्या नाकाला नळी होती. बाकावर हुमा चिंचोका मुठीत घट्ट धरून बसली होती. एकदाही तिनं मूठ उघडली नाही. पहाटे आतून एक बारीक, चिरका, रागावलेला रडण्याचा आवाज आला.

"हा तर फाशावाला आवाज!" हुमा उभी राहिली आणि मग कितीतरी वेळ तिला रडू आवरेना.

"या गोळ्यांच्या गॅसचा लसणासारखा वास आम्ही ओळखतो, पण लोक इथं फार उशिरा येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळे उन्हालाच दोष देतात आणि दारं लावून घेतात. जागेचा दोष आहे हे शोधलं कुणी?"

सिद्रामप्पांनी तिघांकडे बोट केलं. "या कथेकऱ्यानं आन् या दोन पोरींनी. मी मात्र लेकराला आत न्या म्हणत होतो." डोक्यावरचा पटका काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला. त्यांना तसं बसलेलं सोमेशनं कधीच पाहिलं नव्हतं.

त्या गोदामात एके काळी ज्वारीच्या थप्प्यांत कडुलिंबाचा पाला घालत, आणि दारातून कडसर, बरा वास येई, हे जुन्या लोकांना अजून आठवतं. आता ते गोदाम रिकामं आहे. सिद्रामप्पांनी भुसार गावाबाहेर हलवलं. तिथं गोळ्या टाकायच्या तर लाल पाटी लागते आणि आसपास कुणी राहत नाही. वीरण्णांवर खटला झाला. ते आता जळकोटला भावाकडे असतात आणि उदगिरात फारसे येत नाहीत. जिलानी आणि वहिदाचाची सिद्रामप्पांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आले. खिडक्या मोठ्या आहेत. वहिदाचाची भर मे महिन्यातसुद्धा एक खिडकी उघडी ठेवतात.

स्वप्नाली लातुरातल्या मैत्रिणींना खेळ शिकवते आणि त्यांच्या प्रत्येक डावातली खोट काढते. सोमेश अजून कथेकरीच आहे, पण भुयाराचं वर्णन आलं की त्याचा आवाज उतरतो. 'अंधारगड'ची नवी आवृत्ती पुढच्या वर्षी आली. थकव्याचा नियम तसाच राहिला. त्याखाली हुमानं सुचवलेली एक ओळ मात्र वाढली: 'कुणालाही गुदमरलं, तर आधी बाहेर. डाव नंतर.'

मुज्तबा आता पळतो, आणि फासे चोरून पलंगाखाली लपवतो. हुमा रोज संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवते. वहिदाचाची ओरडत नाहीत. हुमा गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसते, आणि पहिली मुंगी आली की मगच उठते.