दाराकडे फिरलेले गुलाब

माशाला शिरका नव्हता म्हणून लुदी रिकामी बाटली घेऊन नांग पासिंगच्या टपरीवर गेली, आणि आपला नवरा आज घर सोडून चाललाय हे तिला तिथं कळलं.

"दुपारचीच बस ना गं नांतेची?" बाटलीत माडीचा शिरका ओतता ओतता नांग पासिंग म्हणाली. "तुझी सासू सकाळी येऊन बिस्किटं घेऊन गेली, बोटीत खायला. बरं झालं बाई, निवड झाली पोराची. सैन्याचा पगार म्हणजे बसल्या जागी भात."

"हो ना," लुदी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नांतेनं सैन्यात अर्ज केलाय, हे तिला ठाऊक होतं. वादळात मालकाची होडी फुटली, तेव्हापासून तो घरात रिकामाच बसला होता. पण निवड झाली, आजच प्रशिक्षणाला निघायचंय, हे टपरीवालीला माहीत आणि लग्नाच्या बायकोला नाही! वाटेनं तिच्या तळपायाची आग नुसती मस्तकात चढत गेली.

घरी सासू, कोन्सोर्सिया, टेबल मांडत होती. लुदीच्या लग्नात आलेल्या इनॅमलच्या ताटल्या होत्या, चार. पांढऱ्या, निळ्या काठाच्या, आणि प्रत्येकीच्या काठावर एकाच बाजूला एक लाल गुलाब. नांते पिशवीची दोरी आवळत होता. पाच वर्षांची लिलाय त्याच्या पाठीवर लोंबकळत होती.

"मला कधी सांगणार होतास? बोटीतनं?" लुदीनं बाटली टेबलावर आपटली.

"तू रडशील म्हणून..."

"मी रडते? मी रडते कधी? होडी फुटली तेव्हा रडले मी?"

"अगं, मीच म्हटलं त्याला, सांगू नको म्हणून," सासू मध्ये पडली. "प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी घरात रडारड नसावी."

"नानाय, नवरा माझा आहे," लुदी सासूकडे वळली.

"आणि मुलगा माझा आहे. जेवायला बसा."

झालं. सगळे बसले. नांतेनं प्रार्थना म्हटली, क्रुसाची खूण केली, आणि दोन घास खाल्ले न खाल्ले तोच बाहेर आंदोयची रिक्षा येऊन उभी राहिली. बस लवकर सुटणार होती. नांते तसाच उठला. लिलायचा मुका घेतला. लुदीकडे आला, पण तिनं मान वर केली नाही.

आता, कुणी भरल्या जेवणातून उठून प्रवासाला निघालं, तर मागे बसलेल्यांनी आपापलं ताट फिरवायचं असतं. तिकडच्या बेटांवर हे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. ताट फिरलं की जाणारा सुखरूप पोचतो आणि सुखरूप परततो. ज्याचं ताट फिरत नाही, तो जाणाऱ्याला वाटेवर एकटा सोडतो. जाणाऱ्याची ताटली तेवढी तशीच राहते.

सासूनं आपली ताटली फिरवली. खर्रर्र. छातीपुढचा गुलाब दाराकडे गेला. मग लिलायचे इवलेसे हात धरून तिचीही फिरवली. खर्रर्र. आणि दोघी लुदीकडे बघत राहिल्या.

लुदीनं दोन्ही हातांनी आपली ताटली घट्ट धरली होती, इतकी की नखं पांढरी पडली. जा म्हणावं! आईनं फिरवलंय ना ताट? पुरे तेवढं.

रिक्षा गेली. सासू माशाचा काटा काढत म्हणाली, "हात भाजले होते का गं तुझे?"

खरं सांगायचं तर लुदीचा राग रात्री अंथरुणावर पडेपर्यंतच टिकला. उशीला नांतेच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. त्या वासानं तिला रडू फुटलं. आपण काय करून बसलो, हे तिला तेव्हा कळलं. बोलून काय उपयोग? छावणी समुद्रापलीकडे, मोठ्या बेटावर. प्रशिक्षण संपेपर्यंत ना भेट, ना फोन.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर जेवायला बसताना तिनं गुपचूप ताटली गुलाब दाराकडे करून मांडली. उशिरा का होईना, फिरवलं तर खरं. डोळे मिटून तिघींनी प्रार्थना सुरू केली. "हे प्रभो, या अन्नाला..." आणि मध्येच तिच्या हनुवटीखाली आवाज झाला. खर्रर्र.

तिनं डोळे उघडले. गुलाब तिच्या छातीपुढे होता.

तिनं सासूकडे पाहिलं. तिचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. लिलायचेही. कालवण शेवग्याच्या पाल्याचं होतं, पण टेबलावर वास सुटला होता शिरक्यातल्या माशाचा. आंबट, गरम, त्या दिवशीचाच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. टेबल ओलं असेल म्हणून तिनं ते पुसून कोरडं केलं. ताटली घसरत असेल म्हणून खाली फडकं घातलं. गुलाब दाराकडे करून ठेवावा, डोळे मिटावेत, आणि आमेन म्हणेपर्यंत तो छातीशी परत. एकदा तिनं प्रार्थनेत हात जोडलेच नाहीत, ताटलीवरच ठेवले. भर दुपार होती, बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. तिच्या तळव्यांखाली ताटली हलली. सावकाश. हट्टानं. पलीकडून कुणीतरी ती दोन्ही हातांनी धरली होती, आणि त्या धरण्यातला राग लुदीला ओळखीचा वाटला. तो तिचाच होता.

"नानाय..." ती हळूच म्हणाली. "माझी ताटली बघता का?"

"बघतेय," सासू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून बघतेय. जेव आता."

"काहीतरी उपाय..."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी गत तुझी. तुझाच पीळ आहे तो. मी काय सोडवणार?"

असे महिने गेले. उन्हाळा आला, आणि अशी उन्हं पडली की कुत्रीसुद्धा चर्चच्या पायऱ्यांखाली जाऊन निजत. एके दुपारी आंदोयची रिक्षा दाराशी थांबली, पण आंदोय खाली उतरेना. टोपी हातात घेऊन बसून राहिला.

"रेडिओवर सांगितलं," शेवटी तो म्हणाला. "छावणीत उन्हात धावताना एक जण पडला. उठलाच नाही... आपल्या प्रांतातला होता म्हणाले. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव सांगणार नाहीत."

सासूनं पायांत मिळतील त्या चपला घातल्या आणि फादरच्या घरी फोन करायला धावली. लिलाय आत झोपली होती. टेबलावर ताटल्या मांडलेल्याच होत्या, भात वाढलेला होता. लुदी आपल्या जागेवर बसली. गुलाब छातीपुढे, नेहमीसारखा. तिनं ताटली दोन्ही हातांनी धरून फिरवायला जोर लावला. ताटली तसूभरही हलली नाही. तो आंबट वास टेबलभर दाटून आला.

"सोड," ती दातओठ खात म्हणाली. "सोड ना गं मेले! चुकलं माझं. सांगतेय ना, चुकलं... देवा, त्याला परत धाड. मी काही मागणार नाही. घरातलं कुणालाही ने, पण त्याला धाड!"

ताटली फिरली.

किती हलकी फिरली म्हणून सांगू! पाण्यावरचं पान वळावं तशी. गुलाब दाराकडे गेला, आणि दारात सासू उभी होती. पैसे विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती.

"काय म्हणालीस?"

"प्रार्थना करत होते."

"ऐकलं मी. कुणालाही म्हणालीस." कोन्सोर्सियाच्या आवाजात राग नव्हता. राग परवडला असता. "मूर्ख पोरी... मागताना नाव घ्यायचं असतं. माझं नाव घ्यायचं होतंस. मी तुझ्यासमोर धडधाकट जिवंत आहे, तुझ्या डोळ्यांत खुपते आहे, आणि तुला माझं नाव सुचलं नाही?"

सासूनं पैसे घेतले आणि पुन्हा फादरच्या घराकडे निघाली.

संध्याकाळी फादरनं निरोप धाडला. गेलेला मुलगा दुसऱ्या गावचा होता, एका विधवेचा. नांते सुखरूप होता.

त्या दिवसापासून लुदीची ताटली शहाण्या ताटलीसारखी वागू लागली. ठेवाल तशी राहायची. वास गेला. पण सासू बदलली. टेबलाची दाराजवळची खुर्ची तिनं आपली केली. मिस्सेला जायचा चांगला झगा ती रोज घालू लागली, केस विंचरून, गळ्यात रोझरी. प्रार्थना संपली की सगळ्यांच्या मागून, एकटीच पुटपुटायची, "मी तयार आहे बरं का."

"नानाय, असं नका ना बोलू," लुदी म्हणायची.

"तू गप्प बस. तुझं बोलून झालंय."

आणि लुदी लिलायला नजरेआड होऊ देईना. विहिरीकडे नाही, रस्त्याकडे नाही, समुद्राकडे तर नावच नको. पोरीला साधं पडसं झालं तरी ही रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून जागी. चपलाच नसल्या तर पोर बाहेर कशी जाईल, या वेड्या विचारानं तिनं लिलायच्या चपला कपाटावर टाकून ठेवल्या. शेजारपाजारच्या बाया हसायच्या. म्हणायच्या, नवरा नाही घरात, म्हणून डोकं फिरलंय.

प्रशिक्षण संपलं. नांते परतला तो भर दुपारी, आंदोयच्याच रिक्षानं. काळा पडलेला, डोकं भादरलेलं, अंगावर मांस नाही. लिलाय आधी ओळखेचना, मग जी बिलगली ती सोडेचना. लुदी दारात उभी राहून नुसती रडली.

"मी रडते कधी, म्हणायचीस ना?" नांते हसला. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "तुला आधी सांगायला हवं होतं गं. रोज धावताना तेच मनात यायचं."

एवढं एक वाक्य. ते त्या दिवशी शिरक्याच्या बाटलीआधी बोलला असता तर?

जेवणात कोंबडी होती, गवती चहाच्या पातीत शिजवलेली, आणि नांतेला आवडतो म्हणून शिरक्यातला मासाही. लुदी नको नको म्हणत असताना सासूनंच केला. आता परत त्याच वासाला काय भ्यायचं, म्हणाली. चार ताटल्या मांडल्या, चारही गुलाब छातीपुढे. सासू दाराजवळच्या खुर्चीत, चांगल्या झग्यात. बसता बसता तिनं लुदीकडे पाहिलं, आणि लग्नापासून पहिल्यांदा तिला लेकीसारखी लाडानं हाक मारली, "बस, इंदाय. घाबरू नको. मी आहे ना इथं."

नांतेनं डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

"हे प्रभो, या अन्नाला आणि या घराला..."

खर्रर्र.

लुदीनं डोळे आवळून घेतले. डावीकडे. नांतेची.

"...आशीर्वाद दे, आणि दूर असलेल्यांना..."

खर्रर्र.

समोर, दाराजवळ. सासूची. सासूची फिरली! म्हणजे जाणारी ती नव्हे... लुदी तिसऱ्या आवाजाची वाट बघत राहिली. तिसरा आवाज आलाच नाही.

"आमेन," नांते म्हणाला.

तिनं डोळे उघडले. नांते मान खाली घालून भराभरा जेवू लागला होता, छावणीत शिकवतात तसा. त्याच्या ताटलीचा गुलाब दाराकडे. सासूचा दाराकडे. सासू आपली ताटली दोन्ही हातांनी धरून मागे ओढत होती, ओठ हलत होते, "मी आहे... मी तयार आहे..." आणि ताटली हलत नव्हती. लिलायचा गुलाब तिच्या हनुवटीखाली होता, होता तसाच. लुदीचाही होता तसाच.

मीच असेन, लुदीच्या मनात आलं. फिरली नाही ती जाणाऱ्याची. देवा, मीच असू दे. लुदिविना. बघ, माझं पूर्ण नाव घेतलं. लुदिविना.

लिलायनं अर्धा घास ताटलीत ठेवला. खुर्चीवरून खाली सरकली, आणि पाय जमिनीला लागल्यावर दाराकडे बघत म्हणाली, "आई, माझ्या चपला कुठंयत?"

"भरल्या जेवणातून कुठं निघालीस गं?" नांते हसत म्हणाला.

लुदीनं आपल्या ताटलीकडे झेप घेतली. फिरवायची होती, फक्त अर्धी फिरवायची होती. टेबल करकरलं, भात सांडला, निळा काठ तिच्या बोटांत रुतला. पलीकडून कुणीतरी ताटली घट्ट धरली होती, इतकी घट्ट, की नखं पांढरी पडावीत.

आणि कपाटावर टाकलेल्या त्या दोन इवल्याशा चपला दारात होत्या, जोडीनं, तोंडं रस्त्याकडे करून.